मुलाचं वजन जास्त आहे का, हे नुसत्या काट्यावर का कळत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफच्या अहवालात एक नवी गोष्ट समोर आली. जगभरातल्या ५ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण ९.४ टक्के झालं आणि कमी वजनाच्या मुलांचं ९.२ टक्के. लठ्ठपणा पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. दक्षिण आशियात अजून उलटं चित्र आहे, इथे कमी वजनाची मुलंच जास्त आहेत. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, म्हणजे कोणत्या खाण्यात किती साखर असते ते मुलांना दिसेल असे फलक. ४ ते १० वर्षांच्या मुलांना दिवसभराच्या कॅलरींपैकी १३ टक्के कॅलरी साखरेतून मिळतात आणि हे प्रमाण ५ टक्के असायला हवं, असं त्या परिपत्रकात म्हटलं होतं.

महाराष्ट्राचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी १.९ टक्के मुलं जास्त वजनाची होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा आकडा ४.१ टक्के झाला. त्याच फेरीत ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. कुपोषण गेलं आणि लठ्ठपणा आला, असं झालेलं नाही. दोन्ही एकाच राज्यात, एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच घरात नांदताहेत.

या बातम्या वाचून आईबाबांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आपल्या मुलाचा. आमचा सात वर्षांचा ३० किलोचा आहे, हे जास्त आहे का? नुसत्या ३० किलोवरून याचं उत्तर देता येत नाही.

बीएमआय आणि मुलांचं वय

वजन किलोमध्ये घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. येणारा आकडा म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात बीएमआय. उंचीच्या मानाने वजन किती, एवढंच तो सांगतो. आपल्या सात वर्षांच्या मुलाची उंची १२२ सेंटीमीटर असेल, तर ३० भागिले (१.२२ गुणिले १.२२), म्हणजे साधारण २०.

मोठ्या माणसाचा बीएमआय २० असेल तर डॉक्टर समाधानाने मान डोलावतात. सतरा वर्षांच्या मुलाचा असेल तरी काळजी नाही. सात वर्षांच्या मुलाचा २० मात्र लठ्ठपणात मोडतो. आकडा तोच असून अर्थ बदलतो, कारण मुलाच्या शरीराची ठेवण वयाप्रमाणे बदलत असते. पहिल्या वर्षात बाळ अंगाने भरतं आणि बीएमआय वाढतो. मग मूल चालायला, पळायला लागतं, उंच होतं आणि बीएमआय उतरतो. पाच-सहा वर्षांच्या सुमाराला तो सगळ्यात खाली असतो. तिथून पुन्हा चढायला लागतो, तो थेट तारुण्यापर्यंत.

आपल्या घरांमधली एक जुनी चिंता इथे समजून घेता येते. मूल चार-पाच वर्षांचं झालं की आजी म्हणते, ‘वाळलंय गं पोर, काही खात नाही.’ त्या वयात मूल बारीकच दिसायला हवं. बरगड्या थोड्या जाणवल्या तरी ते निरोगी असू शकतं. पण घर घाबरतं आणि दूध-बिस्किटं, दुधात घालायची गोड पावडर, मोबाइल दाखवून भरवलेला एक जास्तीचा घास असं सगळं सुरू होतं. बीएमआय पाच वर्षांच्या आधीच पुन्हा चढू लागला, तर त्या मुलात पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. बहुतेक घरांत मात्र नेमका हाच चढ ‘आता जरा अंग धरलं’ म्हणून साजरा होतो.

मग जास्त कशाला म्हणायचं?

यासाठी वाढीचे तक्ते असतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि त्यानंतर १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे, म्हणजे ‘आयएपी’चे २०१५ चे तक्ते. या दुसऱ्या तक्त्यांसाठी देशातल्या १४ शहरांमधल्या मुलांची मोजमापं अभ्यासली गेली, त्यात मुंबई आणि पुणे होती. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर हे या कामातलं एक प्रमुख नाव.

तक्त्यावर आडवं वय, उभा बीएमआय आणि त्यातून वर चढत जाणाऱ्या वाकड्या रेषा. मुलाचा ठिपका ‘२३’ लिहिलेल्या रेषेच्या वर गेला तर वजन जास्त, ‘२७’च्या वर गेला तर लठ्ठपणा. २३ आणि २७ हे मुलाचे बीएमआय नव्हेत. आज या रेषेवर असलेलं मूल तसंच वाढत राहिलं तर मोठेपणी त्याचा बीएमआय साधारण तेवढा होईल, असा त्याचा अर्थ. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे असतात.

एक ठिपका मात्र पुरेसा नसतो. लोकल जशी आपापल्या रुळावरून धावते, तसं प्रत्येक मूल आपापल्या रेषेला धरून वाढतं. कुणाची रेषा वरची, कुणाची खालची, दोघंही निरोगी असू शकतात. लक्ष द्यायचं ते रूळ बदलण्याकडे. तीन वर्षं मधल्या रेषेवर असलेलं मूल दीड वर्षात दोन रेषा ओलांडून वर गेलं असेल, तर ते अजून ‘लठ्ठ’च्या खाली असलं तरी विचारायला हवं, या दीड वर्षात काय बदललं? शाळा बदलली, घर बदललं, खेळाचा तास क्लासमध्ये गेला, घरात काही ताण आहे, दम्यासाठी स्टेरॉइडची औषधं चालू आहेत? म्हणूनच लसीकरणाच्या वयात प्रत्येक भेटीला होणारं वजन-उंचीचं मोजमाप पुढे बंद पडू देऊ नये. पाच वर्षांनंतर बहुतेक मुलं फक्त ताप-खोकल्यापुरती दवाखान्यात जातात आणि तक्ता कोराच राहतो. वर्षातून एकदा तरी, वाढदिवसाच्या महिन्यात म्हणा हवं तर, बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजावी आणि ती नोंद जपून ठेवावी.

भारतीय मुलांसाठी मर्यादा खाली का?

मोठ्यांमध्ये जगभर बीएमआय २५ ला जास्त वजन आणि ३० ला लठ्ठपणा म्हणतात. आपल्याकडे २३ आणि २७ का? हे समजायला पुण्याजवळच्या सहा गावांत जावं लागतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून या गावांमधल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथली बाळं लांबीने, स्नायूंनी, पोटाच्या घेराने, सगळ्याच बाबतींत लहान होती. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तेव्हा फरक फारच थोडा निघाला. वजनाने हलकं आणि तरी चरबी राखून असलेलं बाळ! २००३ मध्ये हा शोधनिबंध आला आणि ‘थिन-फॅट’ भारतीय बाळाची चर्चा जगभर झाली.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

म्हणजे आपल्याकडे तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतात. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली, आणि त्यांतली सगळीच काही जाड नव्हती. आपल्या मुलांसाठी रेषा खाली ओढल्या आहेत त्या यासाठी.

टेप, मान आणि घोरणं

बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. रोज आखाड्यात घुमणाऱ्या पोराचा बीएमआय स्नायूंमुळेही जास्त येईल. उलट उंची खुंटलेल्या मुलाचं वजन किलोमध्ये ‘बरोबर’ दिसेल, पण त्याच्या उंचीच्या मानाने ते जास्त असेल. म्हणून जोडीला कंबर मोजायची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. १२२ सेंटीमीटरच्या मुलाची ६१ च्या आत.

दुसरी खूण मानेवर असते. मानेची मागची बाजू, काखा इथली कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. आया ती मळ समजून घासतात, लिंबू लावतात, आणि मूल रडतं. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि कातडीवर ते असं उमटतं. वजन उतरणीला लागलं की तो डागही हळूहळू फिका होतो. मान काळी दिसली तर साबण ठेवून द्या आणि डॉक्टरांकडे जा.

डॉक्टर आणखी काही गोष्टी विचारतील. झोपेत घोरतं का, मध्येच श्वास अडकतो का, दिवसा पेंगतं का. मांडी किंवा गुडघा दुखून लंगडतं का? वाढत्या वयात खुब्याचं हाड जागेवरून सरकतं तेव्हा कित्येकदा दुखणं गुडघ्यातच जाणवतं. ते वेळेत ओळखलं नाही तर कायमचं व्यंग राहू शकतं, त्यामुळे लंगडणाऱ्या जाड मुलाला ‘वजनामुळे दुखतंय’ म्हणून घरी बसवू नये. मुलीची पाळी अनियमित आहे का, हेही विचारलं जाईल. रक्तदाब मोजला जाईल, तोही मुलाच्या मापाच्या पट्ट्याने. लठ्ठ मुलांमध्ये साधारण दहा वर्षांनंतर उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी होते. यकृतात चरबी साठणं आता मुलांमध्येही दिसतं, आणि त्याचं बाहेरून काहीच लक्षण नसतं.

‘थायरॉइड असेल’, ‘आमच्या घराण्यातच आहे’

थायरॉइडची तपासणी बहुतेक पालक स्वतःहून करून आणतात. हार्मोनच्या आजारामुळे लठ्ठ झालेली मुलं फार थोडी असतात, आणि त्यांना ओळखायची एक चांगली खूण आहे. ती मुलं बुटकी राहतात. जास्त खाण्याने आणि कमी हालचालीने वजन वाढलेलं मूल सहसा आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंच असतं. मूल जाड होतंय आणि उंची थांबली आहे, असं असेल तर तपास हवाच. उंची व्यवस्थित वाढत असेल आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, किंचित जास्त आला, तर तो बहुतेकदा वाढलेल्या वजनाचा परिणाम असतो. त्यावर गोळी घेऊन वजन उतरत नाही.

अनुवंशाचा वाटा मात्र मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ४० ते ७० टक्के असावा असं दिसतं. केंब्रिजमध्ये १९९७ साली दोन चुलत भावंडं तपासली गेली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन नावाचं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक तयारच होत नव्हतं. भूक कधी शमतच नव्हती. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर मुलीची भूक आवरली आणि वजन उतरलं. इतका टोकाचा दोष दुर्मीळ असतो, पण भूक ही शरीरातून येते, ती हावरटपणा नसते, हे या मुलांनी दाखवून दिलं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर एक भाऊ काडी आणि दुसरा जाड का, याचं उत्तरही बरंचसं इथे आहे. पाच वर्षांच्या आत प्रचंड वजन आणि न संपणारी भूक असेल तर जनुकीय तपासणी करायला सांगतात.

‘मोठं झालं की आपोआप बारीक होईल’

काही मुलं होतात. पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा लठ्ठ मुलांपैकी साधारण निम्म्याहून थोडी जास्त किशोरवयातही लठ्ठ राहिली, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही. जितकं वय लहान तितकी परत फिरण्याची संधी मोठी. याचं कारण आहे मुलांकडे असलेली आणि मोठ्यांकडे नसलेली एक गोष्ट, उंची.

वजन उतरवायचं की थांबवायचं?

पुन्हा त्या सात वर्षांच्या मुलाकडे येऊ. १२२ सेंटीमीटर, ३० किलो, बीएमआय २०. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. दोन वर्षांनी त्याची उंची १३४ च्या आसपास असेल. या दोन वर्षांत त्याचं वजन एक किलोही घटलं नाही, फक्त ३० वर टिकलं, तर बीएमआय होईल १६.७. मूल लठ्ठपणाच्या रेषेवरून नेहमीच्या पट्ट्यात आलं, आणि एक दिवस उपाशी राहिलं नाही.

लहान मुलांच्या उपचाराचा गाभा एवढाच आहे. बहुतेक लहान मुलांचं वजन उतरवायचं नसतं, ते धरून ठेवायचं असतं. दोन वर्षं तंतोतंत टिकणं कठीण आहे, एखादा किलो वाढेल, हरकत नाही. उंचीचा वेग वजनापेक्षा जास्त राहिला की काम होतं. वजन फार जास्त असेल किंवा वाढीची वर्षं संपत आली असतील तर हळूहळू उतरवावं लागतं, तेही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मोठ्यांची डाएटं, एकवेळ जेवण, नुसती फळं, भात-पोळी बंद, हे मुलांवर लादू नये. त्याने उंची मार खाते.

वजन धरून ठेवायला घरातल्या सवयी बदलाव्या लागतात, आणि घराच्या म्हणजे सगळ्यांच्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एप्स्टाइन यांनी काही कुटुंबांचे गट करून त्यांना दहा वर्षांनी पुन्हा तपासलं. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटात आईवडील आणि मूल दोघांनीही सवयी बदलल्या, तिथली मुलं दहा वर्षांनंतरही सुरुवातीपेक्षा कमी जाड होती. ज्या गटात फक्त मुलावर भर होता, तिथे हा फायदा टिकला नव्हता. दादाला वेफर्स आणि धाकट्याला काकडी, हे ज्या घरात चालतं तिथे धाकटा लपून खायला शिकतो.

सुरुवात कुठून करायची? माझ्या मते पेयांपासून. ३०० मिली कोलात साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे साखर असते, आणि ती पिऊन पोट भरत नाही. डबाबंद फळांचा रस त्याचाच भाऊ. दुधात घालायच्या पावडरींवर वर्षानुवर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ लिहिलं जात होतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना त्यांना या वर्गातून काढायला सांगितलं. साधं दूध, ताक, पाणी, आणि फळ खायचं ते चावून. इतका एक बदल झाला तरी बऱ्याच घरांत निम्मी लढाई होते.

मग ताट. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. मूल सांगतं ‘मॅगी हवी’, आणि आपण सांगतो ‘ताटात टाकायचं नाही, संपव’. पोट भरल्यावरही खायला लावलेलं मूल पोट भरल्याची खूण हळूहळू विसरतं. कमी वाढा, मागितलं तर पुन्हा वाढा. वरण-भात, भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, अंडं, मासे, यांतलं काहीच बंद करायचं कारण नाही. संध्याकाळी पाचला शाळेतून भुकेलं आलेलं मूल ही घरातली सगळ्यात नाजूक वेळ. तेव्हा समोर फरसाणाचा डबा असला तर तोच उघडला जाणार. उकडलेली शेंग, थालीपीठ, भिजवलेले चणे, केळं, असं काही तयार ठेवणं कामावर जाणाऱ्या आईबाबांसाठी सोपं नाही, हे मान्य. पण फरसाण, बिस्किटं, दहा रुपयांची पाकिटं घरात आणणंच कमी केलं, तर रोज ‘नको खाऊस’ म्हणायची वेळ येत नाही. सणाला पुरणपोळी खावी, मनसोक्त खावी.

झोप कुणी लठ्ठपणाशी जोडत नाही, पण जोडायला हवी. अपुरी झोप भूक वाढवते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सातची शाळा आणि साडेअकराला बंद होणारा टीव्ही यांचा हिशेब जमत नाही.

‘खेळायला घातलं की उतरेल ना?’

खेळ हवाच, रोज किमान तासभर, घाम येईल असा. त्याने हाडं, हृदय, झोप, मन सगळं सुधारतं, आणि वजन न घटताही इन्सुलिनचं काम सुधारतं. पण एकट्या खेळावर भिस्त ठेवली तर निराशा होईल. ३० किलोच्या मुलाने तासभर पळापळी केली तर साधारण दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात. परत येताना घेतलेला एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. जाड मुलाला सगळ्यांसमोर मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं तर थांबवाच. पोहणं, सायकल, नाच, लंगडी, त्याला जे आवडेल आणि जिथे त्याला कुणी हसणार नाही, ते टिकतं.

हसण्याबद्दल एक सांगायलाच हवं. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही घरात लाडाने मारलेली हाकही मुलाला लागते. वजनावरून चिडवली गेलेली मुलं जास्त खातात, लपून खातात, खेळ टाळतात. मुलासमोर वजनाची चर्चा नको, नातेवाइकांनाही तसं सांगा. बोलायचं ते ताकद, दम, झोप यांबद्दल.

आणि ती नवी इंजेक्शनं?

वजन घटवणारी नवी इंजेक्शनं २०२५ पासून भारतात चर्चेत आहेत. त्या वर्षी मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही इथल्या बाजारात आलं. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी मंजूर आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये या औषधांना आणि गंभीर लठ्ठपणात १३ वर्षांपुढे शस्त्रक्रियेलाही उपचारात जागा दिली, सवयी बदलण्याच्या जोडीने. ज्या मुलाला मधुमेह झाला आहे, झोपेत श्वास अडकतो आहे, त्याच्यासाठी हे मोठं साधन ठरू शकतं. ते देण्याचा निर्णय बालसंप्रेरकतज्ज्ञाचा, म्हणजे मुलांचे हार्मोनचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांचा आहे. औषध थांबवल्यावर वजन बरंचसं परत येतं, हे सुरुवातीलाच समजून घ्यावं. मोठ्यांसाठी आणलेलं इंजेक्शन घरच्या घरी मुलाला देऊ नये.

सगळं घरावरच टाकायचं का?

नाही, आणि हा माझा आग्रह आहे. शाळेच्या फाटकाबाहेर चिप्सचं दुकान, क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर कोलाची जाहिरात, सोसायटीच्या मैदानात उभ्या गाड्या, यांच्याशी एकटी आई किती लढणार? भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात विकता येत नाहीत. हा नियम किती पालकांना ठाऊक आहे? पाकिटाच्या दर्शनी भागावर ठळक इशारा छापण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्यासाठी नियम करण्याची मुदत घालून दिली. चिलीमध्ये २०१६ पासून असे काळे अष्टकोनी शिक्के पाकिटांवर आहेत.

पुढच्या पालकसभेत दोन गोष्टी विचारता येतील. शाळेपासून ५० मीटरांत काय विकलं जातं, आणि खेळाचा तास गणिताला दिला जातो का. दोन्हीची उत्तरं मुख्याध्यापकांकडे असतात.